उनतालीस दात

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही — आणि बायकोपासून एखादी गोष्ट इतकी वर्षं लपवायची म्हणजे काय कसरत असते, हे लग्न झालेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. एकदा सांगायला बसलो होतो. घसा खाकरला, पाणी प्यालो. तेवढ्यात तिनंच विचारलं, भाजीत मीठ कमी पडलंय का? मी म्हणालो, हो, जरासं. मीठ अगदी बरोबर होतं. पण तेवढ्यावर सुटलो.

म्हणजे मी कसा माणूस आहे ते तुम्हाला पहिल्याच घासाला कळलं.

गोष्ट एका जुन्या ट्रकच्या मागच्या एक्सलची आहे. हसा, खुशाल हसा. लोक पोटात काय काय घेऊन फिरतात, आणि हा बाबा एक्सल घेऊन बसलाय! पण एक्सलपर्यंत जायच्या आधी दाजींपाशी जावं लागेल. दाजींना ओळखल्याशिवाय तुम्हाला माझं पाप किती वजनाचं आहे ते कळायचं नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, मालक. नाव किसन. राहणार कंधार. धंदा ड्रायव्हरचा. उंची एवढी, की आमच्या घरात शिरताना ते दर वेळी वाकायचे आणि दर वेळी चौकटीवर डोकं आपटून घ्यायचे. मग चौकटीलाच दटावायचे, "तुला किती बार सांगितलं, मी आलो की वर सरकत जा म्हणून?" आमची आई पदर तोंडाला लावून हसायची. जावयापुढं हसू नये म्हणून लपवायची, आणि जावई तेवढ्यासाठीच डोकं आपटतो की काय अशी मला शंका यायची.

लग्नाआधी ते प्यायचे. लग्नानंतरही थोडे दिवस. हायवेची संगत, दुसरं काय. मग लेक झाली. अक्कानं ते पोर त्यांच्या दोन्ही हातांवर ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "आता हात भरले तुमचे. दुसरं काही धरता यायचं न्हाई." सोडली. थेंब म्हणून नाही. ड्रायव्हर लोक ढाब्यावर आग्रह करायचे तर हे दोन्ही हात पुढं करून दाखवायचे — भरलेत म्हणून. लोकांना काही कळायचं नाही. आम्हाला कळायचं.

आणि माझं? मी लातूरला गोलाईच्या बाजाराच्या मागच्या अंगाला वेल्डिंग-फिटिंगचं दुकान टाकलं होतं. पत्र्याचं शेड, आयटीआयचं सर्टिफिकेट भिंतीवर, आणि गिऱ्हाईक नावाला नाही. दाजींना अक्काकडून कळलं. दुसऱ्या दिवशी ते कंधारहून आपला ट्रक घेऊन आले, माझ्या दुकानापुढं आडवा लावला, बॉनेट उघडलं आणि स्टूल टाकून बसले. ट्रकला काहीही झालेलं नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "लई मोठं काम काढलंय. नांदेडात कुणाला जमंना, म्हणून हितं आणली." आठवडाभर बसले. मी नुसते नट काढायचो आणि लावायचो. तेव्हापासून माझं दुकान जे चाललं ते आता माझा मुलगा चालवतो.

खोटं बोलावं तर असं. मला खोटं बोलायला त्यांनी शिकवलं असं म्हणता येईल का? नाही — म्हणता यायचं नाही. त्यांचं खोटं माझ्यासाठी होतं. माझं खोटंही माझ्यासाठीच होतं.

तो ट्रक मिलिटरीच्या लिलावातला. जुना, नकटा, आवाजाला गिरणीसारखा. पण चारी चाकांना जोर. म्हणजे एक लिव्हर ओढली की मागच्या चाकांसोबत पुढची चाकंही ओढायला लागायची. चिखल म्हणू नका, वाळू म्हणू नका, कशातही घाला. दाजी त्याला 'बाई' म्हणायचे. कुणी दार जोरात लावलं की कळवळायचे, "हळू की रं, बाईला लागतंय." अक्का त्याला सवत म्हणायची, आणि दिवाळीला उटणं लावून झालं की उरलेलं सवतीच्या चाकाला फासून यायची.

लातूरचा वेगळा जिल्हा झाला ते दिवस. आधी आमचा कागद न् कागद उस्मानाबादला जायचा. आता कलेक्टर आपल्याच गावात बसणार म्हणून लोकांची छाती फुगलेली. पाट्या रंगवणाऱ्यांची तर चंगळ होती, जो तो 'जिल्हा लातूर' लिहून घ्यायला रांगेत. आणि नेमकी त्याच सुमाराला पावसानं पाठ फिरवली. विहिरींचे तळ दिसायला लागले. हॉटेलात लोक म्हणायचे, जिल्हा आला आणि पाणी गेलं.

नांदेडच्या हद्दीला चिकटून डोंगरावर एक वाडी होती. नाव सांगत नाही. यात तिचा काही दोष नाही. तिथं जायचं तर नदीचं कोरडं पात्र ओलांडायचं आणि मग कडक मुरमाचा उभा चढ चढायचा. साधा टँकर नदीतच रुतून बसायचा. त्यात वाडीचे कागद जुन्या कचेरीतून निघाले होते आणि नव्या कचेरीत पोचले नव्हते. ही वाडी आपली का शेजाऱ्यांची, यावरच दोन्हीकडचे साहेब घोळ घालत होते. शेवटी कुणाला तरी दाजींच्या ट्रकची आठवण झाली. पाण्याची टाकी टाका आणि चालू करा, म्हणाले.

दाजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "ज्या गाडीला अड्ड्यावर कुणी उभं करून घेत न्हाई, तिला कलेक्टर बोलवायलाय, सुभ्या!"

टाकी चढवली आणि मागचा एक्सल वाकला. पाणी हे वाईट ओझं असतं बघा. पोतं ठेवलं तिथं बसतं, पाणी टाकीत इकडून तिकडं हिंदळतं आणि हाडं मोडतं. मग ठरलं, मोठ्या गाडीचा दणकट एक्सल आणून मागं बसवायचा. काम अर्थातच माझ्याकडं. दुसऱ्या कुणाला जमणार होतं? आठवडाभर स्टुलावर बसून त्यांनी साऱ्या लातूरला तेच सांगितलं होतं.

इथं थोडं लोखंडाचं सांगतो, कंटाळू नका. एक्सलच्या मधे भोपळ्यासारखा फुगीर डबा असतो. त्यात दोन दातेरी चाकं, एक लहान, एक मोठं. लहान चाकाला सहा दात आणि मोठ्याला एकेचाळीस असले तर त्या एक्सलला आम्ही सहा-एकेचाळीसचा म्हणतो. दाजींच्या ट्रकच्या पुढच्या एक्सलला हेच होते, मागच्यालाही हेच. चारी चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढं-मागं दात सारखेच लागतात. नाहीतर पुढची चाकं एका चालीनं चालतात आणि मागची दुसऱ्या. एक बैल झपझप, दुसरा रमतगमत — मोडतं काय? मधलं जू. ट्रकमध्ये ते जू म्हणजे इंजिनाचा जोर पुढं आणि मागं वाटून देणारी लोखंडी पेटी. आम्ही तिला वाटणीची पेटी म्हणायचो.

तर एक्सल शोधायला दाजी आणि मी नांदेडच्या भंगार बाजारात गेलो. जाताना वाटेत — आता हे लिहितानाही माझे कान तापतात — मी सगळा वेळ माझ्या उर्दूच्या बढाया मारत होतो. माझे वडील निजामाच्या राज्यात चार यत्ता उर्दू शिकलेले, हे खरं. मला त्यातलं काय येत होतं? सलाम आणि शुक्रिया. पण दुकानांच्या पाट्यांवर वर उर्दू आणि खाली मराठी असायचं. मी खालचं वाचायचो आणि वरच्याकडं बोट दाखवायचो. दाजी थक्क. "आमचे मेव्हणे मौलवी हायत," असं त्यांनी चहावाल्यालाही सांगून टाकलं.

भंगारवाले चाचा म्हातारे होते. आजूबाजूला घणांचे घाव चाललेले. त्यांनी एक जाडजूड एक्सल दाखवला, त्यावर हात थोपटला आणि म्हणाले, "छे-उनतालीस हौ मियाँ. आँख मूँद के लेके जाव."

दाजींनी माझ्याकडं बघितलं. "कितीक म्हणायलेत?"

आता मला सांगा, मराठी माणसाला हिंदीतले आकडे कुठपर्यंत येतात? तीसपर्यंत. त्यापुढं उनतालीस, उनचास, उनसठ म्हणजे डोळे बांधून आंधळी कोशिंबीर. परत विचारायला काय जात होतं? बोटांवर मोजून दाखवा म्हणायला काय जात होतं? पण मौलवी कसा विचारणार? मी 'उन' ऐकलं, त्याचं मनातल्या मनात 'एक' केलं, आणि ऐटीत म्हणालो, "एकेचाळीस. आपल्याला पाह्यजे तेच."

ही झाली चूक. चुकीचं मला एवढं काही वाटत नाही. चूक कुणाची होत नाही? मी चुकीबद्दल सांगायला बसलेलो नाही.

एक्सल लातूरला आणला. ते दिवस फार छान गेले, हेही सांगितलं पाहिजे. जुने यू-बोल्ट गंजून बसलेले, ते कापून काढले. स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका नव्यानं वेल्ड केल्या. इंजिनाकडून येणारा लांब फिरता दांडा, त्याला आम्ही जॉइंट म्हणतो, तो कापून आखूड केला. दाजी दिवसभर जवळ बसून गाणी म्हणायचे, बेसूर, आणि मधूनच ट्रकला धीर द्यायचे. नवा एक्सल जुन्यापेक्षा रुंद निघाला; मागची चाकं दोन्ही बाजूंनी बाहेर आली. दाजी लांब जाऊन, मान तिरकी करून बघत राहिले. म्हणाले, "बाईची कंबर सुटली. आता खात्यापित्या घरची दिसायली." अक्काला हे कळल्यावर दोन दिवस अबोला होता.

सगळं बसलं. मग दाजींनी खिशातून खडूचा तुकडा काढला. लेकीच्या दप्तरातून आणला होता. आमच्या धंद्यात ती रीत आहे: चाक जॅकवर उचलायचं, चाकावर एक खूण, जॉइंटवर एक खूण, आणि हातानं फिरवून बघायचं — चाकाच्या एका फेऱ्याला जॉइंट किती फिरतो. पुढं बघायचं, मागं बघायचं. जुळलं तर दात जुळले. चहा उकळेपर्यंतचं काम.

"बघून घ्यावं का एकदा?" त्यांनी विचारलं. अगदी सहज.

आणि मी म्हणालो, "मोजलेत मी दात. एकेक करून."

मोजले नव्हते. एक्सलचा डबा मी उघडलाच नव्हता. चाचांच्या शब्दावर आणि माझ्या उर्दूवर तसाच बसवला होता. मग खडू का लावू दिला नाही? थकलो होतो म्हणून? बाहेर कचेरीतली दोन माणसं गाडी बघायला उभी होती म्हणून? तसं काही नाही. खरं असं, की 'उनतालीस' हा शब्द एव्हाना माझ्या डोक्यात माशीसारखा फिरायला लागला होता. आणि मला कळून घ्यायचं नव्हतं.

दाजींनी खडू खिशात ठेवला. "मोजलेत म्हणलास म्हणजे मोजलेत," म्हणाले, आणि नारळ फोडायला गेले.

त्याच दिवशी मी ट्रक दुकानामागच्या डांबरी रस्त्यावर नेला, एकटाच. लिव्हर ओढून पुढच्या चाकांचा जोर टाकला आणि थोडा चालवला. स्टिअरिंग जड झालं. लिव्हर मागं घ्यायला गेलो तर निघेना. गाडी उलटी घेतली तेव्हा कुठं सुटली. कुठल्याही मिस्त्रीला याचा अर्थ कळतो, मलाही कळला. तरी मी शेजारच्या टपरीवर गेलो. गौसभाई चहा गाळत होते. मी गमतीत विचारल्यासारखं विचारलं, "गौसभाई, चालीस के पहले क्या आता?"

"उनतालीस," ते म्हणाले. "क्यों? उमर गिन रहे क्या?"

म्हणजे एकोणचाळीस. चहा तसाच ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी गाडी वाडीवर निघायची होती. मी सांगू शकत होतो. तुम्ही म्हणाल, वाडीची माणसं तहानलेली होती, काम थांबवायचं कसं, म्हणून बोलला नसशील. फार बरं वाटलं असतं असं म्हणायला. पण त्या वेळी मला वाडी आठवलीसुद्धा नाही. मला फक्त दाजींचं तोंड दिसत होतं — मी मौलवी नाही आणि मिस्त्रीही नाही, हे कळल्यावरचं. बरं, सगळं कबूल करायचं नव्हतं तर निदान एवढं तरी — दाजी, कडक रस्त्यावर पुढचा जोर टाकू नका, वाळूतच टाका? एका वाक्याचं काम होतं. पण ते 'का' म्हणाले असते. म्हणून तेही नाही. मी म्हणालो, "लिव्हर जरा घट्ट हाय. नवीन हाय, रुळल."

आणि गंमत बघा, गाडी चालली! नदीच्या पात्रात पुढचा जोर टाकायचा. वाळूत चाकं जराशी घसरतात, दातांचा फरक वाळू पोटात घालते. नदी संपली की दाजी गाडी जराशी मागं-पुढं करून लिव्हर काढायचे आणि चढ नुसत्या मागच्या चाकांवर चढायचे. वाडीवर त्यांची चैन होती. पोरं ट्रकचा आवाज ऐकून खाली पळत यायची. एक म्हातारी रोज त्यांच्यासाठी भाकरी आणि ठेचा बांधून ठेवायची. ते घरी येऊन अक्काला सांगायचे, "मला तिथं आणखी एक सासू झाली, आणि ही जेवाय घालती." मी लातुरात बसून स्वतःला सांगायचो, रुळलं बरं का. खरंच रुळलं. लोखंड असं रुळत असतं होय? पण मनाला काहीही पटवता येतं.

मग तो दिवस. मी तिथं नव्हतो. पुढचं दाजींनी आणि वाडीच्या लोकांनी सांगितलेलं. नदी ओलांडली आणि लिव्हर निघेना. मागं-पुढं करून बघितलं, तरी नाही. वर बायका घागरी घेऊन उभ्या. दाजींना वाटलं, राहू दे, चार चाकांवर चढू. मुरूम उन्हानं दगडासारखा झालेला, चाक तिथं घसरायचं नाव घेत नाही. निम्म्या चढावर वाटणीची पेटी फुटली. जॉइंट निखळून आपटला आणि त्यानं ब्रेकची नळी तोडली. भरलेला ट्रक उलटा सुटला.

खालून दोन बायका डोक्यावर सरपण घेऊन चढत होत्या. दाजींनी मान बाहेर काढून, ओरडत, ट्रक उलटाच वाकडातिकडा घेतला आणि बाभळीच्या बांधावर नेऊन घातला. त्या दोघींना काही झालं नाही. टाकी उलटली. पाणी उतारावरून वाहून गेलं, आणि वाडीच्या बाया चाकाच्या चाकोऱ्यांतलं पाणी वाटीनं भरत बसल्या. हे मला त्या म्हातारीनं सांगितलं.

दाजींचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं आणि जीभ दाताखाली सापडली. ते खाली उतरले ते झोकांड्या देत. बोलायला गेले तर शब्द बोबडे, जड. आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "टाइट हाय की हा."

झालं. दुसरं काय लागतं? ड्रायव्हर, पूर्वी पिणारा, झोकांड्या देतोय, जीभ अडखळतेय, आणि ट्रक उलटा वाकडातिकडा येताना सगळ्यांनी बघितलेला. दाजी घरी पोचायच्या आधी बातमी कंधारला पोचली. कचेरीनंही तेच धरलं आणि त्यांना नको म्हणून सांगितलं. वाडीला पुढं बैलगाडीतून पिंपं जायला लागली, दिवसाआड.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. बांधावर ट्रक तिरका पडला होता. दाजी मला हाताला धरून मागं घेऊन गेले. सुजलेल्या जिभेनं, हळूहळू म्हणाले, "बघ सुभ्या, सगळं मोडलं. तुझ्या एक्सलला वरखडा न्हाई." आणि त्यावर हात थोपटला, चाचांनी थोपटला होता तसाच. माझं काम किती पक्कं झालं हे ते मला दाखवत होते. मला बरं वाटावं म्हणून! पुढं म्हणाले, "माझंच कायतरी चुकलं बघ लिव्हर ओढताना. पण काय चुकलं ते ध्यानातच येईना."

मी वाकून यू-बोल्टचे नट घट्ट आहेत का ते बघितलं.

संध्याकाळी कंधारला घरी अक्कानं मला चुलीपाशी बोलावलं. ती रडत नव्हती. लेक तिच्या मांडीवर झोपली होती. म्हणाली, "ते म्हणतेत पेलो न्हाई. मला इश्वास ठेवायचाय सुभ्या, लई ठेवायचाय. पण मग गाडी मागं का आली? त्येंला सांगता येईना. तू मिस्त्री हाईस. न पेता गाडी अशी येती का?"

या एका प्रश्नाचं उत्तर त्या घरात, त्या गावात, त्या दोन्ही जिल्ह्यांत एकाच माणसाकडं होतं. येते, अक्का. दात चुकले की येते. मी चुकवले. इतकंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "मला काय ठाऊक अक्का? मी थोडाच होतो तिथं."

हे ते. इथपर्यंत यायला मी तुम्हाला मिठापासून फिरवून आणलं.

तिनं मान हलवली. सकाळी लेकीला उठवलं आणि दाजींना तिच्या डोक्यावर हात ठेवायला लावला — परत स्टिअरिंगला हात लावणार नाही म्हणून. त्यांनी ठेवला. एकदाच म्हणाले, "पेलो न्हाई गं." मग तेही म्हणायचं सोडलं. ट्रक भंगारात गेला. ते एका शाळेत शिपाई लागले, निवृत्त होईपर्यंत तिथंच घंटा वाजवली. रस्त्यानं ट्रक गेला की बोलता बोलता थांबायचे आणि गिअर कुठं बदलतोय ते ऐकायचे. मी शेजारी बसलेलो असायचो.

पौर्णिमेला विहारात आम्ही एकाच ओळीत उभे राहायचो. पंचशील म्हणताना पाचवं शील येतं, नशेचं. आधी दाजी ते सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचे, अभिमानानं. त्या दिवसानंतर पाचवं आलं की पुढच्या ओळीतलं कुणीतरी मागं वळून त्यांच्याकडं बघायचं. ते मान खाली घालून, हळू आवाजात म्हणायचे, पण म्हणायचे. त्याच्याआधी चौथं असतं. खोटं न बोलण्याचं. ते मी म्हणायचो. माझ्याकडं कधीच कुणी वळून बघितलं नाही.

आणि मला कसे वागवायचे म्हणता? माझ्या लग्नात सगळ्यांत जास्त तेच नाचले. माझ्या मुलाचं नाव त्यांनी ठेवलं. कुठल्याही मिस्त्रीचा विषय निघाला की सांगायचे, "आमच्या सुभ्यानं एक एक्सल टाकला होता! गाडी मोडली, एक्सल मोडला न्हाई." मी हसायचो. नको हो दाजी, म्हणायचो. आवडायचंही मला ते, खोटं कशाला सांगू. माझं त्या माणसावर फार प्रेम होतं. आजही आहे. प्रेम होतं म्हणून बोललो नाही असं मी बरीच वर्षं मानून घेतलं. पण प्रेम होतं तर बोलायला हवं होतं, एवढं तर पोरालाही कळतं.

मागच्या हिवाळ्यात दाजी गेले. झोपेतच, शांत. पुण्यानुमोदनाला सगळा गोतावळा जमला होता. लोक दोन-दोन शब्द बोलले. शेवटी अक्का उठली. ती कधी चारचौघांत बोलत नाही. काठी धरून उभी राहिली आणि म्हणाली, लई चांगला माणूस मिळाला मला. लेकीला हातात घेतलं आणि सोडली ती सोडलीच. जन्मात एकदाच चुकले, त्या वाडीवर. पुढं हूं का चूं न करता शब्द पाळला. मी ते कवाच माफ केलंय, आणि त्येंला सांगायचं राहून गेलं.

मंडपात कुणाचे डोळे कोरडे नव्हते. माझेही नव्हते.

मग ती माझ्याकडं वळली. "सुभ्याला इचारा," म्हणाली. "त्यो व्हता समद्याला. एकदाच चुकले का न्हाई रं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्यांची लेक, तिची मुलं, माझी बायको, माझा मुलगा.

मी मान हलवली. हो म्हणून.

त्या दिवशी दाजी प्यालेले नव्हते. मला माहीत होतं. अक्कानं चुलीपाशी विचारलं तेव्हाही, आणि मंडपात मान हलवली तेव्हाही.